विचारून सांगतो

गणपती उठून चार-पाच दिवस झाले असतील. रविवार होता म्हणून मी म्हसरूळहून गावी गेले होते. पावसानं उघडीप दिली होती. नाना ओट्यावर फवारणीच्या गनचं नोझल साफ करत बसले होते, आणि तात्या आले. तात्या म्हणजे आमचे बांधाला बांध लागून असलेले शेजारी, वय अठ्ठ्याहत्तर. धोतर सुटलं, पण टोपी अजून कडक इस्त्रीची. पाणी झालं, चहा झाला, कादवेला यंदा पाणी कुठवर आलं होतं ते झालं. मग उठता उठता, जाता जाता कुणी काडेपेटी मागावी तसं म्हणाले, "नाना, तुझ्या त्या लाल बागेतल्या चार काड्या दे मला. जंगली खुंट तयार आहे, बांधालगतच्या दहा-बारा झाडांवर कलम भरून पाहीन म्हणतो." नानांनी नोझल खाली ठेवलं. आधी माझ्याकडं पाहिलं. मग तात्यांकडं न बघताच म्हणाले, "विचारून सांगतो."

काडीच्या बाबतीत हे शब्द मी नानांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

"कुणाला विचारतो?" असं तात्यांनी म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसतं "बरं" म्हणाले, टोपी सारखी केली आणि पायऱ्या उतरले. नाना पुन्हा नोझलमध्ये तार घालत बसले, ते केव्हाच साफ झालेलं होतं तरी. ते वाक्य नानांच्या तोंडी मीच घातलं होतं. चार वर्षं, दर महिन्याला, जेवताना, छाटणीला, फोनवर, मी त्यांना हेच सांगत आले होते: कुणी मागितलं तर आधी मला विचारा.

द्राक्षवाल्यांच्या घरी काडी मागणं म्हणजे विरजण मागण्यासारखं. विरजण कुणी विकत नाही आणि कुणी नाहीही म्हणत नाही. छाटणीच्या वेळी पेन्सिलीएवढ्या जाडीची, पिकून तांबूस झालेली, डोळे फुगीर असलेली काडी निवडायची, ओल्या गोणपाटात गुंडाळायची आणि सावलीत ठेवायची. त्या गोणपाटाचा वास माझ्या लहानपणाचा वास आहे: तागाचा, मातीचा, आणि ताज्या कापलेल्या वेलीचा किंचित आंबूस. मोटारसायकलच्या हँडलला असं एखादं गाठोडं लटकवून कुणी दारात आला की आई विचारायचीही नाही, चहाचं पाणी वाढवायची. नानांची पहिली बाग सत्त्याऐंशी सालची. तिच्यातली प्रत्येक काडी तात्यांच्या बागेतली होती, तास-ए-गणेश या वाणाची. आई सांगते, तात्या स्वतःचा चाकू घेऊन तीन दिवस आले, उकिडवं बसून एकेक कलम भरलं, दुपारी आमच्याकडं पिठलं-भाकरी खाल्ली आणि मजुरीचं नाव काढल्यावर रागावले. पुढं नानांनी त्याच बागेतल्या काड्या निफाडच्या मामांना दिल्या, मामेभावांना दिल्या, आणि एकदा चांदवडकडच्या, नावही नीट न विचारलेल्या एका माणसाला दिल्या. तो माणूस पुढच्या वर्षी बेदाण्याची पिशवी ठेवून गेला होता.

तास-ए-गणेश तरी कुठून आली? थॉमसनच्या वेलीवर एक फुटवा वेगळा निघाला, मणी लांबट दिसले, तासगावकडच्या शेतकऱ्यानं तो हेरला, वेगळा वाढवला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या बागेत असेच सोनाका आणि शरद सीडलेस सापडले. ही कुठल्या प्रयोगशाळेची देणगी नव्हती. रोज सकाळी त्याच वेलीखालून फिरणाऱ्या माणसाच्या नजरेची होती. आणि खुद्द थॉमसन म्हणजे पश्चिम आशियातलं फार जुनं बिनबियांचं द्राक्ष, १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉमसननं न्यूयॉर्क राज्यातल्या रोपवाटिकेतून मागवलेल्या काड्यांवरून नाव मिळालेलं. म्हणजे तिकडंही काडीच. काडीला पाय असतात असं तात्या म्हणायचे.

लाल बागेची गोष्ट वेगळी. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस थांबेचना, तेव्हा आमच्या शिवारात फुलोऱ्यातल्या बागा जागेवर कुजल्या. डाऊनी रोगाचा तो वास, ओल्या पोत्यासारखा, महिनाभर घरात यायचा. तात्यांनी त्या वर्षी आपली जुनी बाग काढूनच टाकली. नानांनी ठरवलं, अर्ध्या एकरावर परदेशी संरक्षित वाण लावायचा. लाल, करकरीत, मणी वाढवायच्या जीए संजीवकात घड बुडवण्यावर कमी खर्च, पावसात तडकायलाही कमी असं सांगत होते. रोपांबरोबर करारनामा आला. वकिलीचं शिक्षण घेऊन निर्यातदाराच्या ऑफिसात कागद सांभाळणारी घरात मीच, म्हणून तो माझ्याकडं आला. मी रात्री बसून त्याचं मराठी केलं आणि सकाळी नानांना वाचून दाखवलं. या झाडांपासून कलम करायचं नाही. काडी कुणाला द्यायची नाही, विकत नाही आणि फुकटही नाही. छाटणीचा माल शेतातच कुट्टी करून संपवायचा. तपासायला माणूस आला तर बाग उघडी ठेवायची. वेगळा फुटवा दिसला तर कळवायचं. नाना ऐकत होते, कणसातले दाणे काढावेत तसे नखानं टेबलाची कड खरवडत. शेवटी म्हणाले, "द्राक्षं तरी विकता येतील ना?" मी म्हटलं, "हो, ती येतील. ठरलेल्या मार्गानं." त्यांनी सही केली.

तिकडच्या कायद्याची धास्ती नानांना आधीपासून होती. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या, म्हणजे आपल्याकडं ज्याला सगळे लिहोसिन म्हणतात त्याच्या अंशावरून युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा आमचाही माल त्या सालात होता. फवारलं इथं, चाललं इथं, आणि दार बंद झालं तिकडं. तेव्हापासून त्यांच्या लेखी परदेशी कायदा म्हणजे हवामान. आपण बदलू शकत नाही, निदान अंदाज तरी घ्यावा.

तो अंदाज घेणं हे माझं काम झालं. रोज सकाळी ऑफिसात पोचल्यावर पहिला अर्धा तास मी तेच करते. फ्रान्समधल्या आँझे गावात युरोपियन युनियनचं वाण-हक्कांचं कार्यालय आहे, त्याचं राजपत्र पाहते. द्राक्षवेलीला तिकडं ३० वर्षांचा हक्क मिळतो, कुठला वाण कधी मंजूर झाला, कुणी मागं घेतला, हे सगळं तिथं असतं. वर्षानुवर्षं तेवढी एक यादी पुरायची. लंडनला जाणारी पेटी काय आणि रॉटरडॅमला जाणारी काय, कायदा एकच. मग ब्रिटन बाहेर पडलं. १ जानेवारी २०२१ पासून युरोपचा नवा हक्क ब्रिटनमध्ये लागू होईना. आधी मंजूर झालेले हक्क आपोआप तिकडच्या कायद्यात आले, पण त्यानंतरच्या वाणासाठी तिकडं वेगळा अर्ज, केंब्रिजच्या कार्यालयात. माझ्या एका वहीच्या दोन वह्या झाल्या. त्या जानेवारीत पिंपळगावजवळच्या पॅकहाऊसमध्ये पहिला माल भरला जात होता, प्रीकूलिंगच्या दारातून धुकं बाहेर येत होतं, स्वेटर घातलेल्या बायका पनेट भरत होत्या, आणि मी स्टुलावर बसून कुठल्या पेटीला कुठली वही लागू होते ते ताडत होते. वाणाचं नाव चुकलं तरी द्राक्ष तेच राहतं, गोडी तीच राहते. अडतो तो कागद, आणि कागदामागं त्या बायकांची रोजी.

वाचता वाचता माणसं भेटत गेली. स्पेनमधल्या एका शेतकऱ्यानं रोपवाटिकेतून, सगळ्यांसाठी उघड्या असलेल्या दुकानातून, नाडोरकॉट नावाच्या मँडरिन संत्र्याची रोपं आणली. त्या काळात वाणाच्या हक्काचा अर्ज झालेला होता, पण मंजुरीचा घोळ मिटला नव्हता. त्यानं झाडं लावली, फळं काढली, विकली. पुढं हक्कवाले दारात उभे. प्रकरण चढत चढत युरोपच्या न्यायालयात गेलं आणि १९ डिसेंबर २०१९ ला निकाल लागला: रोप लावून त्याची फळं काढणं म्हणजे वाणाचं पुनरुत्पादन करणं नव्हे. फळापर्यंत हक्क पोचायचा तर ते फळ मुळात परवानगीशिवाय वापरलेल्या झाडाचं असावं लागतं, आणि हक्कदाराला आधी आपला हक्क बजावण्याची रास्त संधी मिळालेली नसावी लागते. तो निकाल मी एका बैठकीत वाचला. रात्रीचे दोन वाजले होते, तपोवनाकडून कुत्री भुंकत होती, आणि मला त्या न पाहिलेल्या शेतकऱ्याच्या ओट्याचा वास येत होता. कॅलिफोर्नियातला एक खटला वाचतानाही तसंच झालं. तिथं सरकारी संशोधन केंद्रात तयार झालेल्या, अजून बाहेर न काढलेल्या द्राक्षवाणांच्या काड्या एका कर्मचाऱ्यानं एका बागायतदाराला दिल्या, त्यानं त्यातले काही डोळे पुढं नात्यातल्या माणसाला दिले. तेवढ्यानं तो वाण सगळ्यांसाठी खुला झाला की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. जानेवारी २०१५ मध्ये अपील कोर्टानं सांगितलं, नाही, देणाऱ्यानं गुप्तता सांगितली होती आणि घेणाऱ्यांना ती कळत होती, पेटंट कायम. निकालात तारखा आहेत, साक्षी आहेत. ओलं गोणपाट नाही. पण ते असणार. कॅलिफोर्नियाच्या उन्हात काडी उघडी नेली तर डोळा टिकत नाही.

नाना एकदा म्हणाले, "पण आपला कायदा काय म्हणतो?" हा प्रश्न मी टाळत आले होते, कारण उत्तर गोड आहे आणि उपयोगाचं नाही. आपला २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा म्हणजे, माझ्या मते, शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून लिहिल्यासारखा कायदा आहे. त्याच्या ३९ व्या कलमात शेतकऱ्याला शेतमाल, अगदी संरक्षित वाणाचं बियाणंसुद्धा, राखायचा, वापरायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, वाटायचा, विकायचा हक्क आहे. फक्त ब्रँडचं लेबल लावून विकायचं नाही. आणि त्या कायद्यातल्या 'बियाणं' या शब्दात रुजून तसंच झाड देणारा कुठलाही भाग येतो. काडी येते. गुजरातच्या बटाटा उत्पादकांवर २०१९ साली खटले भरले गेले आणि मागंही घेतले गेले, तेव्हा याच कलमाचा सगळीकडं उच्चार झाला होता. नानांनी ती बातमी कापून कपाटात ठेवली आहे. "मग?" नाना म्हणाले. मग मला सांगावं लागलं की कायद्यानं दिलेला हात नानांनी सही करून स्वतःच मागं घेतला आहे. आणि समजा करार नसता, तरी तात्यांची द्राक्षं बोटीत बसून जिथं उतरतील तिथं वेगळा कायदा उभा आहे. भारत यूपोव्ह या नव्या वाणांच्या संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य नाही, युरोप आहे. तिथं 'परवानगीशिवाय' या शब्दाचा अर्थ कुठल्या देशाच्या मोजमापानं लावायचा यावर अजून काथ्याकूट चालू आहे. त्यावर चर्चा करायला यूपोव्हला जिनिव्हात वेगळा गट बसवावा लागला. काडी दिंडोरीत निर्दोष आणि तिचा घड रॉटरडॅमच्या धक्क्यावर संशयित, हे मी नानांना कोणत्या शब्दांत सांगू? मी सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि उठून मोटार चालू करायला गेले.

तरीही हक्कवाल्यांवर मला सरसकट राग धरता येत नाही, आणि हीच अडचण आहे. बिनबियांच्या दोन द्राक्षांचा संकर करायचा तर आई-वेलीला बीच धरत नाही. मण्यात जीव धरतो आणि वाढायच्या आधी विरून जातो. तो विरण्याआधी नेमक्या आठवड्यात मणी चिरायचा, डोळ्यांना नीट दिसणारही नाही असा तो अंकुर काढायचा, काचेच्या नळीत खाऊ घालून जगवायचा, मग कुंडीत, मग शेतात, आणि मग वर्षानुवर्षं हजारो झाडांतून एक निवडायचं. पुण्याजवळ मांजरीच्या आपल्या द्राक्ष संशोधन केंद्रातही माणसं वर्षानुवर्षं नव्या वाणांसाठी झटतात. इतकं आयुष्य घालून काढलेल्या झाडाची काडी कुणी हँडलला लटकवून नेली तर त्या माणसानं काय खायचं? हे मला पटतं. अगदी मनापासून पटतं. पटलेल्या गोष्टीनं शेजाऱ्याला रिकाम्या हातानं परत पाठवावं लागतं, तेव्हा त्या पटण्याचं करायचं काय, हे मात्र सुचत नाही.

आणि तो लाल बागेतला चिंधीचा वेल.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, माल काढायच्या ऐन तोंडावर, तिसऱ्या ओळीतल्या एका वेलीच्या ओलांड्यावर, म्हणजे आडव्या फांदीवर, एक काडी वेगळीच निघाली. बाकी सगळे घड गडद लाल, आणि त्या एका काडीवरचे दोन घड फिक्कट, गुलाबी, मणी लांबट. नानांनी आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी त्या काडीला बांधली आणि कुणाला काही बोलले नाहीत. मी रविवारी गेले तेव्हा मला हाताला धरून नेलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी लहानपणी, पहिला कंटेनर गेला तेव्हा पाहिलं होतं. एक मणी तोडून माझ्या हातावर ठेवला. थंडगार होता, सकाळच्या दवानं. चावल्यावर आधी गोडी आणि मागून जरासा गुलाबासारखा वास. "तासगाववाल्याला असंच दिसलं असेल," नाना म्हणाले.

मला तेव्हा माहीत होतं. तीन महिन्यांपूर्वीच ऑफिसात वाचलं होतं. यूपोव्हच्या १९९१ च्या करारात एक कल्पना आहे, मूळ वाणापासूनच निघालेला वाण. संरक्षित झाडावर निघालेला फुटवा तुम्हाला सापडला, तुम्ही वाढवला, तर शोधणारा म्हणून तुमचं नाव लागू शकतं, पण बाजारात आणायचा तर मूळ हक्कदाराची परवानगी हवी. असा फुटवा कितपत वेगळा असला म्हणजे या जाळ्यातून सुटतो, यावर वर्षानुवर्षं वाद होता. यूपोव्हच्या २०१७ च्या मार्गदर्शक टिपणाचा सूर असा होता की फरक एखाद-दुसराच असला तर तो मूळ वाणाचा. २७ ऑक्टोबर २०२३ ला त्यांच्या परिषदेनं नवं टिपण मंजूर केलं: एकाच आईपासून, फुटव्यानं वा गुणबदलानं निघालेला वाण हा तिचाच, मग फरक कितीही असोत. टिपण म्हणजे कायदा नव्हे, देशोदेशीची न्यायालयं ते मानतील वा न मानतील. पण वारा कुठून वाहतो ते कळलं. जिनिव्हात कुणीतरी एक ओळ बदलली होती आणि ती ओळ आमच्या तिसऱ्या ओळीतल्या चिंधीपर्यंत आली होती. तासगावला, नान्नजला तेव्हा ही ओळ असती, आणि थॉमसन कुणाच्या नावावर असतं, तर सत्त्याऐंशी साली आमच्या ओट्यावर गोणपाट आलंच नसतं.

त्या दिवशी मी बोलले नाही. मणी खाल्ला, "छान आहे" म्हटलं. पंधरा दिवसांनी फोनवर सांगितलं, कारण समोर उभं राहून सांगवेना. करारात लिहिल्याप्रमाणं कळवावं लागेल हेही सांगितलं. पलीकडं मोटारीचा आवाज येत होता. "कळव मग," ते म्हणाले. मी कळवलं. माणूस आला, फोटो काढले, पानं नेली. एप्रिलच्या खरड छाटणीत ती काडी गेली, ओळीत पसरून ट्रॅक्टरखाली कुट्टी झाली. चिंधी नानांनी आधीच सोडून घेतली होती. ती आता गनच्या हँडलला गुंडाळलेली असते.

तात्यांकडं कुणीतरी जायला हवं होतं. नाना गेले नाहीत. बुधवारी ऑफिसातून लवकर निघून मीच गावी गेले आणि संध्याकाळी बांधावरून त्यांच्याकडं गेले. काकूंनी शेंगदाण्याचा लाडू हातावर ठेवला. मी सगळं सांगितलं, जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत. तात्या मधे बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "म्हणजे खुंट माझा, पाणी माझं, हात माझा, अन् काडीचा मालक समुद्रापलीकडं."

"हो, तात्या."

"किती वर्षं?"

"तिकडं तीस. आपल्याकडं वेलीला अठरा."

त्यांनी ओट्यावर गोट्या खेळणाऱ्या पणतवाकडं पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं. "याला मागता येईल मग," असं हळूच म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, मी त्यांना ओळखते. मग बराच वेळ ते जंगलीच्या ओळींकडं बघत राहिले. पानं तरारली होती, कलमाला अगदी लागेल तशी काडी जाड झाली होती. मी उठले. पायरीवर होते तेव्हा ते म्हणाले, "तू आलीस ते चांगलं केलंस बाई. पण नाना का नाही आला?"

घरी परतले तेव्हा अंधार पडत होता. आई वरण फोडणीला टाकत होती, लसणाचा वास ओट्यापर्यंत आला होता. नाना खाटेवर बसले होते, बहुधा मी बांधावर दिसल्यापासूनच. "काय म्हणाले?" मी लाडवाचा उरलेला अर्धा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "तुम्ही का नाही आलात, एवढंच विचारलं." नानांनी तुकडा तोंडात टाकला. थोडा वेळ गेला. मग त्यांनी उशाशी ठेवलेली बॅटरी उचलली, पायात चपला सरकवल्या आणि आईला आतमध्ये हाक मारून सांगितलं, "माझं ताट झाकून ठेव गं." गनच्या हँडलकडं, गोणपाटाकडं, कशाकडंच पाहिलं नाही. बॅटरीचा गोल उजेड बांधावरून हलत हलत, लाल बागेला वळसा घालून, तात्यांच्या दारापर्यंत गेलेला मी ओट्यावरून पाहिला. दुसरा हात मोकळाच होता.